डॅन्यूबची ओटी

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत. नेनेकाका आणि काकूंना सोबत घ्यायचं, बस. २००७ साली आम्ही जर्मनीत रिव्हर क्रूझला गेलो, तेव्हाच्या एकट्या रेगेन्सबुर्गच्या दिवसावर आमची वर्षभराची पॉटलक जेवणं पार पडली.

काका रिटायर्ड हार्टचे डॉक्टर. आदल्या वर्षी त्यांचीच बायपास झाली. ते ऑपरेशन थिएटरात होते तेव्हा काकू नवस बोलल्या, "हे खडखडीत बरे होऊ देत, मोठ्या नदीची ओटी भरीन."

काकांचं म्हणणं, "मला सर्जनने वाचवलं. नदी काही हात स्क्रब करून आत आली नव्हती."

मी ब्राझोस नदी सुचवली, घराजवळच आहे. काकू म्हणाल्या, "तिथे मगरी आहेत गं. ओटी राहील बाजूला, माझाच नैवेद्य व्हायचा." म्हणून नारळ ह्यूस्टनहून सुटकेसमध्ये निघाला.

*

सकाळी गाइडचं बोलणं ऐकायला सगळ्यांना कानात लावायचे रिसीव्हर दिले. काकूंचं चॅनेल बदललं गेलं. गावातल्या गल्ल्यांमधून तासभर त्या दुसऱ्याच ग्रुपचं जर्मन ऐकत मान डोलावत होत्या.

"काही कळलं का?" मी विचारलं.

"छे. पण बाई इतकी तळमळून सांगत होती, मध्येच बंद कसं करायचं?"

*

कॅथीड्रलच्या पायरीवर काकूंनी सवयीने बूट काढले. मग आम्हीही काढले. काका एकटे बुटांसकट आत. "मी कुठल्याच देवासाठी बूट काढत नाही."

बाहेर येऊन बघतो तर बुटांची ही भलीमोठी रांग! क्रूझवरच्या अमेरिकन मंडळींना वाटलं, इथला नियमच आहे.

*

दुपारी डॅन्यूबवरच्या जुन्या दगडी पुलावर काकूंनी बूट काढून नारळ, खण, तांदूळ बाहेर काढले. आमची गाइड हेल्गा धावत आली. नदीत काही टाकायला बंदी आहे म्हणाली. आणि तासाभरात बोट सुटणार होती.

काकूंचा चेहराच उतरला. मी हेल्गाला नवस समजावला. ती म्हणाली, "सॉरी. पण मी याच नदीकाठी जन्मले, वाढले. हिच्यात काही टाकलेलं मला बघवत नाही."

मी ते काकूंना सांगितलं. त्यांनी हेल्गाकडे नीट पाहिलं. "म्हणजे ही नदीची लेकच की. हिचीच ओटी भरते. विचार, लग्न झालंय का?"

हेल्गा ओशाळली. "डिव्होर्स झालाय."

"असू दे," काकू म्हणाल्या. "नदीला कुठे विचारतो आपण?"

पदर नव्हता, म्हणून हेल्गाने रेनकोटचं टोक पुढे धरलं. काकूंनी तिला कुंकू लावलं, ओटी भरली. हेल्गाचे डोळे भरून आले, माझेही. काका आज आमच्यात आहेत, याचं मला फार फार बरं वाटलं.

"अहो, चला," म्हणत काकू वळल्या.

काका मागेच उभे होते, अनवाणी. बूट कठड्याशी, काकूंच्या बुटांशेजारी.

"आटपा लवकर," ते म्हणाले. "दगड गार आहे."