तिच्या नावाचं पान

“आमच्या धाकटीच्या अंगात कालपासून कसर आहे हो, नाहीतर पाठवलीच असती.”

विहिरीवर पाणी ओढता ओढता शेजारच्या काकू म्हणाल्या. मी मान वर केली नाही. त्यांची धाकटी तेव्हा आमच्या कुंपणाशी दोरीवरच्या उड्या मारत होती. ज्या बाईंना हे सांगितलं त्यांनाही ती दिसत होती. “बरं, जपा तिला,” एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढच्या घराकडे वळल्या.

त्या बाई म्हणजे आमच्या मागे राहणाऱ्या नटीची आई. मुलगी जाऊन आठवडा झाला होता. लग्नाआधी गेली, तेव्हा तेराव्याला तिच्या नावाने एक कुमारिका जेवू घाला, असं गुरुजींनी सांगितलं होतं. एकच. त्या एकीसाठी त्या सकाळपासून दारोदार फिरत होत्या, आणि त्या दिवशी आमच्या डोंबिवलीत घरोघरी मुलींना ताप आला होता.

त्या दिसेनाशा झाल्यावर काकूंनी घागर कडेवर घेतली. “सिनेमावाल्यांच्या घरचं जेवण, त्यात छातीचा आजार. उद्या पोरीचं लग्न कोण जमवील?” मग माझ्याकडे बघून, “काय गं मडमे, तुमच्या इंग्रजी शाळेत काय म्हणतात अशा वेळी?”

मी हसल्यासारखं केलं. ते मला चांगलं जमायचं.

ती नटी लहानपणी पौराणिक चित्रपटांत बाळकृष्ण व्हायची. ठाण्याच्या थेटरात बायका पडद्याकडे बघून हात जोडत, त्यांत या काकूही असत. पुढे ती नायिका झाली, हिंदीत गेली. पानाच्या दुकानांत, वाण्याकडच्या कॅलेंडरांवर तिचा चेहरा आला. चार-पाच वर्षं तो चेहरा सगळीकडे होता. मग खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली आणि मायलेकी आमच्या मागच्या बंगलीत भाड्याने राहायला आल्या. हवेखेरीज तेव्हा डोंबिवलीत फारसं काही नव्हतं.

सुरुवातीला लोक मुद्दाम वाट वाकडी करून तिला बघायला येत आणि हिरमुसून जात. पडद्यावर ती उंच वाटायची. ओसरीवरच्या आरामखुर्चीत बसलेली ही मुलगी लहानखुरी होती, भर उन्हात शाल पांघरलेली. पुढे लोक यायचे थांबले. ती तिथेच बसून असायची.

मी ठाण्याच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन घरी बसले होते. दुपारी मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायचे.

“तू बोलत नाहीस का गं?” तिने एकदा कुंपणापलीकडून विचारलं.

“बोलते.”

“मग बोल. मला बोललं की दम लागतो. तू बोल, मी ऐकते.”

मला बोलायला काही सुचेना, म्हणून हातातलं इंग्रजी पुस्तकच मोठ्याने वाचायला लागले. जरा वेळाने विचारलं, “अर्थ सांगू का, ताई?”

“नको. अर्थ कळला की चेहरा करावा लागतो.”

मग तसंच ठरून गेलं. मी वाचायची, ती डोळे मिटून पडायची. कधी मध्येच आपलं काहीतरी सांगायची. स्टुडिओत कामापेक्षा बसणंच जास्त, म्हणायची. सकाळी तोंड रंगवून घ्यायचं आणि दिवे लागेपर्यंत पुतळ्यासारखं बसायचं. टेकायचं नाही, केस विसकटतात. रडायचं नाही, रंग ओघळतो. रडायचं ते सांगतील तेव्हा.

एकदा मी तिला पेरू दिला, तिखटमीठ लावून. तिने एक फोड घेतली. बाकीच्या परत केल्या.

“घ्या ना अजून.”

“पुरे. सवयच नाही. कॅमेऱ्यात गाल लगेच दिसतात ना, म्हणून आई एकदा वाढते आणि भांडं उचलते. मी परकरात होते तेव्हापासून. आता डॉक्टर म्हणतात खाऊ घाला, तर तिचा हात पुढे येतो आणि तसाच मागे जातो. बिचारीच्या लक्षातही येत नाही.”

“मग तुम्ही मागून का नाही घेत?”

ती हसली, हसता हसता खोकली. बराच वेळ खोकली. “आता भूक कुठे आहे?” म्हणाली. मग म्हणाली, “होती तेव्हा तरी कुठे मागितलं?”

पावसाळा सरता सरता ती गेली. वर्तमानपत्रात फोटो आला. कुठल्याशा जुन्या चित्रपटातला, नवरीच्या वेषातला.

विहिरीवरच्या त्या दिवशी तिची आई सगळीकडे गेली, फक्त आमच्या दारात आली नाही. रविवारी कल्याणची मंडळी मला बघायला येणार होती. ते तिच्या आईच्या कानावर गेलं असावं.

“नाही आल्या ते बरं झालं,” आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. “काय सांगणार होते मी? तुलाही ताप आलाय म्हणून?”

“समजूतदार बाई आहे,” बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले.

तेराव्याच्या दिवशी मी आंघोळ करून धुतलेलं पातळ नेसले आणि मागच्या दाराशी गेले.

“कुठे?” आईने विचारलं.

“मागे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. कल्याणला कळायचं राहणार नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. शेवटी ती म्हणाली, “वेणी तरी नीट घाल.” तिनेच घालून दिली. जरा घट्टच घातली.

बंगलीत सामसूम होती. गुरुजी शिधा घेऊन निघून गेले होते. तिथलं शिजवलेलं त्यांनाही नको होतं. माजघरात एक पाट, पुढे केळीचं पान, भोवती रांगोळी. तिची आई भिंतीला टेकून बसली होती.

“तू? पान गाईला घालायला निघाले होते मी.” मग घाईने उठत, “आईला सांगून आलीस ना?”

मी मान हलवली. त्यांनी माझे पाय धुतले, पदराने पुसले, कुंकू लावलं. त्यांचे हात गार होते. भात, आमटी, बटाट्याची भाजी, खीर, दोन पुऱ्या असं त्यांनी वाढलं आणि पुऱ्यांची परात मांडीशी घेऊन समोर बसल्या. माझ्या हातांकडे बघत होत्या. मी खाली बघून जेवत राहिले.

दुसरी पुरी संपली. त्यांनी परातीतून एक पुरी उचलली. हात पानापर्यंत आला, थांबला आणि मागे गेला. त्यांनी परातीवर ताट झाकलं. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. पदर सावरावा तसं ते झालं.

“पोट भरलं ना, बाळ?”

हे विचारावंच लागतं. ‘भरलं’ म्हणायचं आणि हात धुवायला उठायचं, एवढंच उरलं होतं. परक्या घरात मी आजवर कधी काही मागून घेतलं नव्हतं.

“नाही, मावशी,” मी म्हणाले. “अजून वाढा.”