पाण्यात बुडणारं बी

प्रत्येक बी काका आधी पाण्याच्या बादलीत सोडायचे. बुडलं तर हसायचे. तरंगलं की बोटानं बाजूला सारायचे आणि म्हणायचे, "हा पोकळ."

माणसांनाही त्यांचं हेच माप. मॅनेजर पगारवाढीचं बोलून केबिनमध्ये गेला की माझ्या टेबलाशी वाकून पुटपुटायचे, "बाय, हा पोकळ." असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल.

दुबईत बागा लावून देणाऱ्या आमच्या कंपनीची रोपवाटिका काका सांभाळायचे. मूळचे गुहागरकडचे. मी पत्रं टाइप करायचे. मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यातही बोलायचे ते.

एका लेबनानी ग्राहकाला आपल्या गावातल्यासारखी चेस्टनटची झाडं हवी होती. त्यासाठी तो एसीचं काचघर बांधत होता. सगळे हसले, काका नाही. त्यांनी बिया ओल्या भुशात घालून डबा पॅन्ट्रीतल्या फ्रिजमध्ये ठेवला. वर लिहिलं, 'खाऊ नये. जिवंत आहे.'

"याला तीन महिने थंडी भोगावी लागते, बाय. त्याशिवाय कोंब नाही. आणि शेजारी दुसरं झाड लागतं. एकट्या झाडाला नुसती काटेरी बोंडं. आत दाणा नाही."

"म्हणजे पोकळ," मी म्हटलं. ते खूप हसले. त्या ऑफिसात मी केलेला तेवढाच विनोद.

मग मंदी आली. कामं थांबली, कमी करायच्या लोकांची पत्रं मी टाइप केली. काकांचं पत्र तीन दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. ते रोज विचारायचे, "आपलं काय, बाय?"

"मला काही सांगत नाहीत, काका."

पत्र मिळालं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "महिन्यात दुसरा व्हिसा नाही मिळाला तर खलास." लेबनानी ग्राहक त्यांना कामावर ठेवून घ्यायला तयार होता, पण आधी कोंब दाखवा म्हणाला होता. "माझ्या खोलीवर फ्रिज नाही. पंधरा दिवस इथला तेवढा चालू ठेव, बाय."

"हो," मी म्हटलं.

पुढच्याच गुरुवारी मॅनेजरनं फ्रिज विकला. न्यायला आलेल्या माणसांनी डबा काढून खिडकीत उन्हात ठेवला. मॅनेजरला सांगावं म्हणून मी दोनदा उठले, दोनदा बसले. घरी नेता आला असता. पण इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये चौघींत एक फ्रिज, त्यात माझा अर्धा कप्पा. जागा मागावी लागली असती. मी बस पकडली. शुक्रवार-शनिवार तिथली सुट्टी होती. रविवारी डब्याला हात लावला तर चटका बसला.

काका ठरल्या दिवशी आले. भुशातून बिया काढल्या. कोंब फुटले होते आणि काळे पडून वाळले होते. तरी त्यांनी बादली भरली. पहिलं बी तरंगलं.

"हा पोकळ," ते सवयीनं म्हणाले.

दुसरं तरंगलं, तिसरं तरंगलं, आणि ते बोलायचे थांबले. पण शेवटचं बी सोडेपर्यंत हात थांबला नाही.

"तू इथंच होतीस ना, बाय?"

"होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते शब्द येतील म्हणून मी उभी राहिले. आले नाहीत. त्यांनी बादली रिकामी केली, धुतली, सिंकपाशी पालथी घातली आणि निघून गेले.