थोरल्यांचे लाल गाल

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं तोंड तापल्या तव्यासारखं लाल असे. गाल, नाक, हनुवटी, आणि त्यावर बारीक पुळ्या. त्या वर्षांत कापसानं अमरावतीत घरोघर बरकत आणली होती. कोणी म्हणे, पैसा आला तशी बाई दारू प्यायला लागली. कोणी म्हणे, महारोग. मेल्यांच्या जिभेला काही हाड?

थोरल्या कोणाला भीक घालत नसत. "माह्या तोंडाकडं काय पायता, माह्या हातचं खाऊन पाहा," म्हणायच्या. निजताना मात्र गालांवर रोज लोणी चोळायच्या.

त्यांच्या गोदीला अकोल्याचं स्थळ आलं आणि त्यांचा धीर सुटला. महारोग्याची लेक कोण करणार? मी त्यांना हकीमसाहेबांकडे नेलं. म्हाताऱ्यानं गालावरून नुसती काडी फिरवली, तरी थोरल्या कळवळल्या.

"महारोग नाही. त्यात चमडी बहिरी होते, टोचलं तरी समजत नाही," हकीम म्हणाले. "चमडीत बारीक किडे राह्यते, बाई. डोळ्याले दिसत नाही. सगळ्यायच्याच राह्यते, तुमचे माजले. अन् तुमी त्यायले रोज लोणी चारून राहिल्या!"

गंधकाचा मलम दिला. थोडा लावा, सबर ठेवा, म्हणाले. पुढे तसं केल्यावर गाल निवलेही. पण तेव्हा थोरल्यांना सबर कुठली! त्यांनी मलम लिंपला, आणि साक्षगंधाच्या दिवशी, ऐन साखरपुड्यात, लाल तोंडावर सालपटं लोंबत होती.

विहीणबाई कुंकू लावायला पुढे आल्या आणि त्यांचं बोट थांबलं. संपलं, मोडलं, असं मला वाटलं.

थोरल्यांनी पदर सारला, चोळीला खोचलेली सुई काढून पुढे धरली.

"टोचा, ईनबाई. महारोग असन तं मले समजनार नाही."

"काहून असं पाप करायले लावता?"

"पोरीसाठी सांगून राहिली. टोचा!"

विहीणबाईंनी डोळे मिटून टोचली. "आई गं!" थोरल्या अशा ओरडल्या की बाहेर बसलेले पुरुष उठून उभे राहिले. गालावर रक्ताचा थेंब आला. विहीणबाईंनी तो आपल्या पदरानं टिपला आणि कपाळभर कुंकू लावलं.

आता थोरल्या नाहीत. कोणाला दुखलं म्हणून मी देवाला हात जोडले, ते आयुष्यात तेवढंच एकदा.