चतुराबाईचे पंधरा दिवस

हैदराबादच्या गौलीगुड्यात सगळ्यात भित्रं माणूस कोण, असं विचारलं असतं तर शेंबड्या पोरानंही चतुराबाईचं नाव घेतलं असतं. पालीला भिणार, ढगांच्या गडगडाटाला भिणार, तार घेऊन शिपाई शेजारच्या घरी आला तरी ही माजघरात पळणार. आणि का भिऊ नये हो? तेराव्या वर्षी लग्न, एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं आणि भावाच्या दारात परत. ज्याच्यावर अशी वेळ आली नाही, त्यानं खुशाल हसावं.

भाऊ एकनाथराव तिच्याहून चार वर्षांनी धाकटे, निजाम सरकारच्या महसूल कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. शेरवानीची सगळी बटणं लावल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. त्यांची बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली आणि मागं राहिली गंगू. पोर नऊ वर्षांची झाली, तरी तोंडातून शब्द नाही. ऐकू सगळं यायचं. 'बाबा' नाही, 'आत्या' नाही, काही बिनसलं की नुसती किंकाळी आणि भिंतीवर डोकं. गल्लीनं तिचं नाव 'वेडी' ठेवून टाकलं होतं. गल्लीला काय, नाव ठेवायला पैसे पडत नाहीत.

एवढ्यावर निभावलं असतं, पण अठ्ठेचाळीस साल उजाडलं. बाकीचा देश स्वतंत्र होऊन बसला आणि हैदराबादचं काय होणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रस्त्यावरून खाकी कपड्यातल्या, बंदुका घेतलेल्या माणसांच्या लॉऱ्या घोषणा देत जायच्या. घरात त्यांचं नाव कुणी उच्चारत नसे, नुसतं 'लॉरीवाले' म्हणायचं, तेही हळू आवाजात. रोज एखादं बिऱ्हाड बोचकी बांधून सिकंदराबादच्या स्टेशनाकडं निघायचं. आणि अशा दिवसांत गंगूला खोड लागली. लॉरीचा आवाज आला रे आला, की ही दार उघडून थेट रस्त्यावर!

"मोटारीचं वेड आहे तिला," एकनाथराव म्हणायचे. "तिला कसली भीती? कळतंय कुठं काही?"

एका दुपारी ती लॉरीच्या अगदी पुढ्यात गेली. करकचून ब्रेक लागला. बंदूकवाला एक जण खाली उतरला. चतुराबाई अनवाणी धावली आणि त्याच्या पायाशीच पडली. "भाई, छोड़ देव. बोलना नै आता उसको." बोलताना तिची बोबडी वळली होती.

तो माणूस पोरीकडं बघत राहिला. "फिर सड़क पो दिखी, तो हम जिम्मेदार नै," एवढं बोलून तो लॉरीत चढला.

संध्याकाळी एकनाथरावांनी बाजारातून सुताचा जाड दोर आणला. पोरीला खाटेच्या पायाला बांधायचं, दुसरा इलाज नाही.

चतुराबाईनं आयुष्यात कधी भावाचा शब्द मोडला नव्हता. "एकनाथा, गुरं बांधतात रे," ती म्हणाली. "मला पंधरा दिवस दे. नाही जमलं, तर मीच बांधीन."

आता करायचं काय? कुणी शिकवलेलं नव्हतं, विचारायचं कुणाला? पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. पोरीला बोलता येत नसलं तरी वस्तू हातात देता येत होती. मग पळण्याऐवजी तिनं आत्याची चप्पल आणून द्यावी. चप्पल दिली, की आत्या तिला गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणील. ठरलं!

सरावाला तोटा नव्हता. जवळच मोटारींचा अड्डा, दिवसभर हॉर्न. हॉर्न वाजला की गंगू दाराकडं सुटायची. चतुराबाई उंबऱ्यात बसलेलीच. पोरीला धरायची, हातात चप्पल कोंबायची, त्याच हातातून काढून घ्यायची, "चला" म्हणायची आणि गल्लीच्या टोकापर्यंत जीव मुठीत धरून जायची. परत आल्यावर गुळाचा खडा. पोरीनं मनगटाला चावे घेतले, ओरबाडलं. दिवसाला वीस-वीस खेपा. तिसऱ्या दिवशी तर आत्याच भिंतीला टेकून रडली.

नवव्या दिवशी हॉर्न वाजला आणि गंगू पळाली नाही. कोपऱ्यात गेली, चप्पल उचलली आणि आत्याच्या मांडीवर आणून टाकली. "अगं माझे राणी!" चतुराबाईनं तिची दृष्टच काढली.

बाराव्या दिवशी शुक्रवार, कचेरीला सुट्टी. दुपारी लॉरी आली आणि नेमकी गल्लीच्या तोंडाशी थांबली. घोषणा सुरू झाल्या. चतुराबाईनं कडी लावली, वर आडणा सरकवला. गंगूनं शहाण्यासारखी चप्पल आणून दिली.

"आता नको गं," आत्यानं ती परत ठेवली. पोरीनं पुन्हा आणली. पुन्हा ठेवली. चौथ्या खेपेला गंगूनं अशी किंकाळी फोडली की बाहेरच्या घोषणा क्षणभर थांबल्या. दाराशी बुटांचे आवाज आले. गंगू भिंतीवर डोकं आपटू लागली. एकनाथरावांनी खुंटीवरचा दोर काढला.

चतुराबाईनं खाली बसून पोरीला कवटाळलं. मागितलं ते देता येत नव्हतं आणि का देता येत नाही, ते सांगायला काही शिकवलेलंच नव्हतं. तिनं गंगूचा हात ओढला आणि आपल्या छातीवर दाबून धरला. "बघ, काय होतंय बघ! मला भीती वाटते गं. म्हणून येत नाही मी."

गंगू गप्प झाली. हात तसाच ठेवून ऐकल्यासारखी उभी राहिली. मग तिनं आत्याचा हात धरला आणि आपल्या पोलक्यावर, छातीशी नेऊन ठेवला.

आतलं काळीज नुसतं धडधडत होतं.

"अगं बाई!" चतुराबाई कुजबुजली. "एकनाथा, ही लॉरी बघायला नव्हती रे पळत. ही भिऊन पळत होती. सगळे चाललेत बोचकी घेऊन, तर आपणही जाऊ म्हणत होती." इतक्या दिवसांत पोरीला कुणी विचारलंही नव्हतं, या विचारानं चतुराबाईला रडू आवरेना.

बुटांचे आवाज दारावरून पुढं गेले. एकनाथराव दोर घेऊन तसेच उभे होते. गंगू त्यांच्यापाशी गेली आणि तिनं आपला तळवा त्यांच्या सदऱ्यावर, छातीवर ठेवला. ते मागं सरकले, तशी तीही सरकली. हात काढीना.

"रोज असंच धडधडतं गं अक्का," ते म्हणाले. त्यांनी दोर खाली टाकला. "रोज कचेरीत जाताना."

चतुराबाईनं जरा सरकून भावाला बसायला जागा केली.