मेंढरं किती हायत?

मी मूळचीच संशयी. भाजीवाल्यानं तागडी उचलली की मी पारड्याखालून हात फिरवून बघते, खाली काही चिकटवलंय का म्हणून. इंदापुरात तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्सचं आणि फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. इतकी वर्षं लोकांचे अर्ज टाइप केल्यावर माणसावर विश्वास उरत नाही. सख्खा भाऊ सख्ख्या भावाविरुद्ध काय काय लिहून आणतो ते मला विचारा. दोघंही माझ्याकडंच येतात आणि दोघांनाही मी चहा विचारते.

म्हणून आमचे पास्टर दुकानात येऊन म्हणाले, "ताई, आपल्या मंडळीची वेबसाइट करायची," तेव्हा मी पहिलं वाक्य बोलले ते हे, "कशाला हात दाखवून अवलक्षण?"

आमची मंडळी म्हणजे रविवारी उपासनेला जमणारी वीस-पंचवीस माणसं. पास्टर माझ्याहून लहान. आठवडाभर लोणी देवकरच्या कारखान्यात पाळी करतात आणि रविवारी उपासना घेतात. त्यांच्या घरात आज्यापर्यंत मेंढरं होती, आता सगळे शेतीत नाहीतर नोकरीत. उपासना व्हायची तात्यांच्या माडीवरच्या खोलीत. तात्या आमच्यातले नव्हेत. खाली त्यांचं खताचं दुकान, वर ही मोकळी खोली. त्याआधी चार घरमालक "विचार करून सांगतो" म्हणाले होते, आणि ते अजून विचारच करतायत. तात्यांनी दिली, पण अट घालून, "मला कटकट नको. एक तक्रार आली की कुलूप." ही खोली गेली तर आम्हाला दुसरी कुणी देणार नाही, हे पास्टरांना माहीत होतं आणि मलाही.

माझं म्हणाल तर मी दुखण्यातून उठल्यावर या मंडळीत आले. माहेर बारामतीचं, बौद्ध. घरात कुणी भांडलं नाही. थोरल्या भावानं एवढंच विचारलं, "काय दिलं त्यांनी तुला?" साध्या आवाजात विचारलं होतं, पण ते मला अजून टोचतं. आमच्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हा त्यांनाही कुणीतरी हेच विचारलं असणार, हे ओठांवर आलं होतं, पण बोलले नाही. तेव्हापासून कुणी मला नुसतं "कसं चाललंय तुमचं?" विचारलं तरी मनात पाल चुकचुकते.

पास्टरांचं म्हणणं सरळ होतं. कारखान्यात बाहेरून आलेली माणसं असतात, रविवारी कुठं जायचं त्यांना कळत नाही. बारामतीच्या दवाखान्यात एका बाईनं नवऱ्यासाठी प्रार्थना करणारं कुणी सापडतं का म्हणून मोबाइल धुंडाळला होता, कुणी सापडलं नाही. "आपण तासाभराच्या वाटेवर होतो, ताई, आणि तिला दिसलो न्हाय," ते म्हणाले. मी कामाला लागले.

त्यांनी वहीची चार पानं भरून मजकूर आणला होता. मंडळीचा एकत्र फोटो हवा, खोलीचा पत्ता, नकाशा, प्रत्येकाची साक्ष, म्हणजे आपण प्रभूकडे कसे आलो त्याची हकिकत. मी चष्मा लावला आणि लाल पेन घेतलं.

"फोटो नको," मी म्हणाले. "कुणीतरी मोठा करून बघणार, ही अमक्या गल्लीतली, तो तमक्याचा जावई."

"बरं."

"साक्षी नकोत. 'प्रार्थनेनं बरी झाले' असं लिहिलं की आपल्याविरुद्धचा तक्रारअर्ज कुणीतरी माझ्याच दुकानात टाइप करायला घेऊन येईल."

"बरं."

"पत्ता नको. नकाशा तर नकोच."

पास्टर मान हलवत राहिले. मग मी क्रूस काढला. मग 'येशू ख्रिस्त' काढून नुसतं 'प्रभू' केलं, कारण प्रभू कुणाचाही असू शकतो. शेवटी 'प्रभू'ही खोडला, उगाच कुणी विचारायला नको कुठला म्हणून. तेव्हा मात्र ते हळूच म्हणाले, "ताई, मग राहिलं काय?"

"मेंढपाळ राहिला की," मी म्हणाले. "ज्याला कळायचं त्याला कळेल."

आम्हा ख्रिस्ती माणसांत मेंढपाळ म्हणजे प्रभू आणि मेंढरं म्हणजे आम्ही. मला ती युक्ती फार हुशारीची वाटली. इंग्रजीत 'मिनिस्ट्री' म्हणतात त्याला मराठीत 'सेवा', तेव्हा नाव झालं 'मेंढपाळ सेवा'. वर फोटो टाकला तो पास्टरांनी पाळीवरून येताना रस्त्यात काढलेला, काळ्या-पांढऱ्या मेंढरांचा. खाली मजकूर: 'आमचा कळप लहान आहे, पण राखलेला आहे. एक मेंढरू हरवलं तरी आम्ही शोधायला जातो. इंदापूर आणि बारामती तालुक्यात कुठंही येऊ. निःसंकोच फोन करा.' आणि फोन नंबर. तो पास्टरांचा दिला नाही, कारण त्यांच्या पोटात काही राहत नाही. माझ्याकडं दुकानाचं एक जुनं सिम पडून होतं, ते दिलं. इंटरनेटवर वेबसाइटची तयार रचना मिळते, तिच्यात हे सगळं दोन दुपारींत बसवलं. आता कुणाला ताकास तूर लागणार नाही, अशी माझी खात्री होती.

आठवडाभरानं फोन आला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज.

"मेंढपाळ सेवा का?"

"आपण कोण?" मी विचारलं.

"पणदऱ्यावनं बोलतोय. तुमच्याकडं मेंढरं किती हायत?"

तुम्ही किती माणसं गोळा केलीत, असं सरळ न विचारता आमच्याच शब्दात विचारतोय, म्हणजे पक्का तयारीचा माणूस. "कशाला पाहिजे तुम्हाला?" मी म्हणाले.

"आकडा कळला म्हंजी पुढचं ठरवाया बरं. तुमच्या मेंढपाळालाच द्या की फोन."

"मी कुठल्या मेंढपाळाला ओळखत नाही," मी म्हणाले. "राँग नंबर."

चार दिवसांनी परत तोच आवाज. "बाई, नंबर तर ह्योच हाय. रातीलाच बसवता नव्हं? एका रातीचं काय ठरतं तुमचं? आन् ह्याच्या आधी कुणाकडं बसवली व्हती, ते सांगा, म्हंजी मी त्यान्ला इचारतो."

रात्रीच्या बैठका, देणंघेणं आणि आधीच्या माणसांची नावं. तक्रारअर्जाला जे तीन मुद्दे लागतात ते तिन्ही त्यानं ओळीनं विचारले. "मी सांगितलं ना, मी मेंढपाळाला ओळखत नाही," म्हणून मी फोन ठेवला आणि तडक पास्टरांना गाठलं.

त्यांना मी सांगितलं ते असं, "पणदऱ्याचा कुणीतरी चौकशी करतोय. आपल्यात लोक किती, रात्री कुठं बसवता, पैसे काय देता, आधी कुणाकुणाकडं बैठका झाल्या."

पास्टरांचा चेहरा उतरला. "खोली जाणार," ते म्हणाले.

मग आम्ही सावध झालो. म्हणजे मी केलं सगळ्यांना सावध. जिन्यात चपलांचा ढीग दिसायचा, त्या आत काढायला लावल्या. खिडक्या बंद. ढोलकी बंद. गाणी म्हणायची ती ओठांतल्या ओठांत. एकदम यायचं नाही, दोघादोघांनी यायचं, आणि जाताना तात्यांच्या दुकानासमोर रेंगाळायचं नाही. असे तीन रविवार गेले. एरवी खाली उतरल्यावर तात्यांशी दोन शब्द बोलायची पद्धत होती, तीही सुटली. ते समोरून आले तर मी मोबाइलमध्ये बघायची.

तिसऱ्या रविवारनंतरच्या बुधवारी दुकानात एक आबा आले. धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी. इंदापूरकडच्या एका जमिनीच्या सातबाराच्या कामाला आले होते. काम होऊनही जाईनात. दारावरच्या बोर्डाकडं बघत उभे राहिले, मग खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. त्यावर आमची वेबसाइट.

"नंबर ह्योच नव्हं?" ते म्हणाले.

बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात तो जुना नंबर रंगवलेला होता. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून मी विसरले होते. आवाजही मी ओळखला. पणदऱ्याचाच.

"नंबर माझा, पण ते माझं नाही," मी म्हणाले. "कुणीतरी चुकून टाकलाय."

"चुकून कसा टाकंल कुणी? ह्यो मेंढपाळ कुठं भेटंल एवढं सांगा. लांबनं आलोय, बाई."

त्यांच्या डोळ्यांत मला काहीच लबाडी दिसली नाही, खरं सांगते. तरी मी म्हणाले, "आबा, मी त्याला ओळखत नाही. दुकान बंद करायचंय." आणि भर दुपारी बारा वाजता मी शटर अर्धं ओढलं. ते शेजारच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले, फटीतून मी बघत होते.

पुढच्या रविवारी उपासना चालू असताना तात्या वर आले. कधी यायचे नाहीत. दाराशी चपला काढून ते आत उभे राहिले, आणि आम्ही सगळे जे काय कुजबुजत होतो ते थांबलो.

"पणदऱ्याचा माणूस माझ्याकडं आला व्हता," तात्या म्हणाले. "टपरीवाल्यानं सांगितलं त्याला, त्या बाई रविवारी माझ्या माडीवर असत्यात म्हणून."

"कशाची तक्रार होती त्यांची?" मी विचारलं.

"तक्रार? त्याचं उसाचं खोडवं मोडलंय, रान मोकळं हाय. त्याला रानात मेंढरं बसवायचीत."

मला तरी कळेना. तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, ही बाई कुठल्या मुलखातली म्हणून. मग सांगितलं, की ऊस निघून रान रिकामं झालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावतो, कळप रात्रभर रानात बसवतो, लेंड्यांचं खत पडतं, आणि एका रात्रीचे इतके म्हणून मेंढपाळाला पैसे नाहीतर धान्य देतो. किती मेंढरं, किती राती, एवढंच ठरवायचं असतं. "तुमची जाहिरात बघून फोन केला बिचाऱ्यानं," तात्या म्हणाले. "मेंढरांचा फोटू, मेंढपाळ सेवा, दोन्ही तालुक्यात येतो. दुसरं काय समजंल माणूस?"

मागं कुणीतरी हसलं. तात्या हसले नाहीत.

"तुमी ढोलकी वाजवून गाणी म्हणायचा, तवा मला कवा शंका आली न्हाय," ते म्हणाले. "खाली बसून मी ऐकायचो. आता महिना होत आला. खिडक्या बंद, चपला आत, माझ्याशी कुणी बोलंना. कर न्हाय त्याला डर कशाला? आन् त्या म्हाताऱ्याला ह्या बाई तोंडावर म्हणाल्या, ओळखत न्हाय. जी माणसं आपण कोण ते सांगत न्हाईत, त्यान्ला मी घरात कसं ठेवू? महिना संपला की खोली मोकळी करा."

"तात्या, तक्रार तर कुणी केली नाही ना?" पास्टर म्हणाले.

"कुणीच न्हाय केली," तात्या म्हणाले आणि जिना उतरून गेले.

त्या दिवशी प्रार्थना आवरती घेतली. सगळे गेल्यावर पास्टर सतरंजीची घडी घालायला लागले. मी दुसरं टोक धरलं. त्यांनी माझ्यावर आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं, पण त्यांचा तो स्वभाव नाही.

"ताई, तो माणूस फोनवर लोक म्हणाला व्हता का मेंढरं?"

"मेंढरं."

"मग मला लोक का सांगितलं?"

"मला तसंच ऐकू आलं," मी म्हणाले.

"मेंढरं बसवायचीत, एवढं जरी माझ्या कानावर आलं असतं, तरी मी ओळखलं असतं," ते म्हणाले. "माझ्या आज्याचा जन्म त्यात गेला. पणदऱ्याच्या रानातसुद्धा बसवली असतील त्यानं." घडी पुरी झाली होती तरी त्यांनी ती सोडली नाही. "तुमी काय उत्तर दिलं त्याला?"

"म्हणाले, मी कुठल्या मेंढपाळाला ओळखत नाही."

ते वाक्य त्या खोलीत मोठ्यानं बोलल्यावर मला त्याचा अर्थ कळला. येशूला धरून नेलं त्या रात्री त्याच्या सगळ्यात जवळच्या शिष्यानं भीतीपोटी तीन वेळा सांगितलं, मी त्या माणसाला ओळखत नाही. हा उतारा आमच्यात लहान लेकरालाही ठाऊक असतो. याच खोलीत मी तो उभी राहून वाचलेला आहे, आणि वाचताना दर वेळी मला त्या शिष्याचा राग यायचा. एवढा काय घाबरतोस, असं वाटायचं.

"कितीदा म्हणालात?" पास्टरांनी सतरंजीकडं बघत विचारलं.

"दोनदा फोनवर," मी म्हणाले, "आणि एकदा तोंडावर."