मोराच्या आसवांची वाटी

लग्नानंतर सतराव्या दिवशी आमचे मालक पलटणीबरोबर लढाईवर गेले, थेट मिसरात, म्हणजे इजिप्तला. तिसऱ्या वर्षी सासूबाईंना शंका आली, की सुनेला मूल कसं होत नाही? शंका मोठी रास्त होती. मला पिंपळाला फेऱ्या घालायला लावलं, कसलासा पाला वाटून पाजला. मालकांना कुणी काही पाजलं नाही. ते हाताशी नव्हते.

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तेव्हा मोरांचा नाद होता. कुंडलच्या डोंगरातून आणलेली अंडी त्यांनी कोंबडीखाली उबवली, त्यातून एक मोर आणि एक लांडोर निघाली. ती वयात आल्यावर मामंजींना पिल्लं हवी झाली. पण कुण्या कीर्तनकारानं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, की मोर ब्रह्मचारी असतो. नाचताना तो आसवं गाळतो, ती पिऊन लांडोर अंडी देते. देवाच्या वाहनाचं ब्रह्मचर्य मोडू नये म्हणून त्यांनी खुराड्याच्या मधोमध तारेची जाळी ठोकली आणि जाळीच्या दाराला कडी लावली. मोरापुढे पितळेची वाटी ठेवायची, नाच संपला की ती लांडोरीकडे सरकवायची. हे पवित्र काम माझ्याकडे आलं. वाटीत कधी टिपूस दिसला नाही. मी आपली कोरडी वाटी आदरानं सरकवत असे.

पावसाळ्यात लांडोरीनं पाच अंडी घातली. खुडूक कोंबडीनं ती महिनाभर उबवली आणि पाचही नासली. दोष कोंबडीचा ठरला; तिचा रस्सा झाला. पुढल्या सालीही पहिली चार नासली. आता कोंबडी नवी होती, तेव्हा दोष लांडोरीचा.

"एका घरात दोन वांझा," सासूबाई म्हणाल्या.

लांडोरीला डोंगरात सोडायचं आणि माझ्यावर सवत आणायची असं ठरलं. लग्नासाठी मालकांना रजा मागायला सांगणार होते. पहिलीसाठी रजा मागायचं तीन वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं! मला माहेरी आईबाप उरले नव्हते. त्या घरातून निघाले असते तर जायला ठिकाण नव्हतं. मी फार घाबरले होते, आणि त्याहून जास्त चिडले होते.

सासू-सासरे मुलगी बघायला दोन दिवस उंब्रजला गेले. त्यांची पाठ वळताच मी जाळीच्या दाराची कडी काढली. ब्रह्मचाऱ्यानं व्रत सोडायला अर्धा दिवसही घेतला नाही. पुढेही मामंजी दुपारी आडवे झाले की मी कडी काढत असे. लांडोरीनं आणखी चार अंडी घातली, म्हणून तिची रवानगी थोडी लांबली. महिन्याभरानं कोंबडीखालून तीन पिल्लं बाहेर आली.

भावकी बघायला जमली. मामंजी वाटी हातात धरून आसवांचा महिमा सांगत होते. सासूबाईंनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "लांडोरीनं सुदीक पिल्लं काढली. तुला कवा व्हायचं गं?"

मी पदर सावरला. मामंजींकडे वळून बोलले.

"आवं मामंजी, वाटीत टिपूसबी कवा न्हवता. म्या मधलं दार उघडलं, तवा ही पिल्लं झाली. माजा मोर तिकडं मिसरात हाय. आता म्या कोनतं दार उघडू, तेवढं सांगा."

कुणी खोकलं, कुणाला अचानक उसाला पाणी द्यायचं आठवलं. मामंजींनी वाटी हळूच माझ्या हातात दिली आणि ते आत गेले. मला वाटलं, आता बोचकं बांधायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुराड्यातली जाळी उपटलेली दिसली. मामंजी ओट्यावर बसून मालकांना कार्ड लिहीत होते. सासूबाईंनी उंब्रजच्या मुलीचं काय लिहिलं म्हणून विचारलं.

"कसली मुलगी?" मामंजी म्हणाले. "रजा काडून ये, बायकू वाट बगती, एवढंच लिवलंय."

मालक पुढल्या साली आले. आमच्या थोरल्याला मी त्याच पितळेच्या वाटीतून दूध पाजलं.