वधूचे मामा, मंडपात या

लग्नात माइक धरणाऱ्या निवेदकाला त्याच्या स्वतःच्या घरच्या लग्नात कुठं बसवावं, हा प्रश्न आमच्या भोर-वेल्ह्यात अजून सुटलेला नाही. खुर्चीत बसवला तर चुळबुळ करतो, पंगतीत बसवला तर वाढप्यांना सूचना देतो. माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, यावर तोडगा काढला होता. धाकट्या भाचीच्या लग्नाआधी तिचा फोन आला.

"मामा म्हणून ये. नुसता मामा. माइकला हात लावलास तर माझ्या दारात परत पाय ठेवू नगंस."

"न्हाई लावत."

"शपथ घे."

"कुणाची?"

"माइकचीच घे. दुसरं काय प्यारं हाय तुला?"

मी हसलो. ती हसली नाही. थोरल्या भाचीच्या लग्नाला मी गेलोच नव्हतो, हे त्यामागचं कारण. मुहूर्त भरत आला की नवरीला तिच्या मामाने हाताला धरून मंडपात आणायचं आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी माझ्या जागी एक चुलतभाऊ उभा राहिला. दरड कोसळून रस्ता बंद आहे, असा निरोप मी धाडला होता. तेव्हापासून आक्का माझ्याशी बोलायची ती कचेरीतल्या कारकुनासारखी, कामापुरती. धाकटीचं लग्न म्हणजे माझी शेवटची संधी. तिसरी भाची नव्हतीच.

आता माझ्या धंद्याबद्दल. एका जत्रेत सूचना देणारा जेवायला गेला आणि त्याचा माइक माझ्या हाती आला. मी सांगितलं, "हिरवं लुगडं नेसलेल्या एक आजी सापडल्या आहेत, ज्यांच्या असतील त्यांनी घेऊन जावं." दोन कुटुंबं आली. आजींनी त्यातलं बरं निवडलं. त्या दिवशी मला कळलं की हे काम आपल्याला जमणार. मग टेम्पोत बसून गावोगाव जाहिराती केल्या. भोरमधल्या एका केबलवाल्याच्या खोलीत निळ्या चादरीपुढं बसून बातम्या दिल्या, वर कोट आणि खाली लेंगा. पुढं आमच्या भागापुरतं एक छोटं रेडिओ केंद्र निघालं. सकाळच्या कार्यक्रमात मी भाताच्या रोपांवर बोलायचो. मार्गासनीत एक बाई मला म्हणाल्या, "तुमचा आवाज लागला की आमची म्हस पान्हा सोडती." एवढं मोठं मानपत्र मला पुन्हा कधी मिळालं नाही.

रेडिओ बंद पडला आणि लग्नं राहिली. आमच्याकडे लग्नाला आलेल्या प्रत्येक मानकऱ्याचं माइकवरून स्वागत व्हावं लागतं. एखाद्याचं राहिलं तर तो न जेवता जातो आणि त्याची नातवंडंही तुमच्याकडे जेवत नाहीत. हे मी वर्षानुवर्षं सांभाळलं. घरी मात्र माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. बायको म्हणते, "भाईर रेडिओ आन् घरात करंट गेल्याला."

तर पासलीला, आक्काच्या दारातल्या मांडवात, मी मामा होऊन गेलो. दाजींनी मला मानाचा फेटा बांधला, गुलाबी, तुरा चांगला वीतभर. आक्काने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बऱ्याच वर्षांनी माझ्या गालाला हात लावला. "दिसतोस बरा," म्हणाली. मी जीभ दातांत धरून खुर्चीत बसलो.

माइकसाठी नवऱ्याकडच्यांनी एक निवेदिका ठरवली होती. तरुण, शिकलेल्या, आवाज असा की ऐकताना पाणी प्यायल्यासारखं वाटावं. त्या कापूरहोळच्या फाट्यावर गाड्यांच्या गर्दीत अडकल्या. इकडे मांडवाच्या तोंडाशी वेगळीच गर्दी झाली. माजी सरपंच, दूध संस्थेचे चेअरमन, सोसायटीचे संचालक, सगळे उन्हात उभे. आत सावली, पंखे, खुर्च्या रिकाम्या. कुणी आत येईना. स्वागत झाल्याशिवाय यायचं कसं? चेअरमन तर घाम पुसत मोबाईलवर बोलण्याचं सोंग करत होते.

दाजी घाईने माझ्यापाशी आले. "पावणं, दोन मिन्टं धरा माइक. तुमच्या आक्काचं मी बघतो."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून "सन्माननीय..." बाहेर पडलं.

काय सांगू! बऱ्याच दिवसांनी पोहायला पडल्यासारखं झालं. सरपंच आत आले, चेअरमन आत आले. मी संचालकांना सहकारमहर्षी केलं, पोलीस पाटलांना वेल्ह्याची ढाल केलं. एक गृहस्थ नुसतेच पाणी प्यायला आले होते, त्यांना ज्येष्ठ मार्गदर्शक केलं. ते लाजले आणि पहिल्या रांगेत बसले. आचाऱ्याचं स्वागत केलं. बँडवाल्यांचं केलं, तेव्हा त्यांनी खुशीत एक तुकडा वाजवला. माणसं हसत होती, टाळ्या वाजत होत्या, माझा तुरा नाचत होता.

आणि निवेदिका आल्या.

मी त्यांना पाहिलं. त्यांनी हाताने खूण केली, मी आलेय. मी न पाहिल्यासारखं केलं. त्या जवळ आल्या, तेव्हा मी दुसरी युक्ती केली. "आपल्या भागाची शान, लाडक्या निवेदिकाताई यांचं आगमन झालेलं आहे! यजमानांनी शाल आणि नारळ देऊन त्यांचा सन्मान करावा, आणि ताईंनी मानाच्या खुर्चीत विराजमान व्हावं!" दाजी गोंधळून शाल घेऊन धावले. ताई बिचाऱ्या हात जोडून, मांडीवर नारळ घेऊन बसल्या. सन्मान करून मी माणूस बाजूला सारला. असलं काम राजकारणात करतात, हे माहीत होतं. आपल्यालाही जमतं, हे कळलं.

मुहूर्त भरत आला. नवरदेव पाटावर उभा राहिला, भटजींनी मान डोलावली आणि मी खर्ज लावला. "वधूच्या मामांना नम्र विनंती, त्यांनी वधूला घेऊन मंडपात यावं."

कुणी आलं नाही.

"वधूचे मामा जिथं कुठं असतील तिथून त्यांनी यावं."

मांडवात खसखस पिकली. मला वाटलं, आपण रंगात आलोय. "मामा जेवायला बसले असतील तर हात धुऊन यावं! मामा, मुहूर्त तुमच्यासाठी थांबणार नाही!"

आता लोक खुर्च्यांवरून घसरायला लागले. चेअरमन पोट धरून माझ्या डोक्याकडे बोट दाखवत होते. मी वर हात नेला. हाताला फेटा लागला.

घराच्या उंबऱ्यात आक्का उभी होती, शेजारी मुंडावळ्या बांधलेली भाची. भाची हसू आवरत होती. आक्का नाही.

"माइकवाले," तिने तिथूनच हाळी दिली, "पोरगी तयार हाय. मामा कुठं गावला तर सांगा."

मांडव पुन्हा फुटला. मी पळालो. बिनवायरचा माइक हातातच होता. आक्कासमोर उभा राहिलो आणि घरात होतं तेच झालं, शब्द फुटेना. माइक छातीशी होता. तो मी जरा वर घेतला आणि मग फुटले.

"आक्का, माझं चुकलं," मी हळू म्हणालो. "आजचंबी आन् तवाचंबी. थोरलीच्या लग्नाला रस्ता बंद नव्हता. दरड कोसळली म्हणालो ते खोटं. भोरला मोठ्या माणसाचं लग्न होतं, मंत्री यायचे होते. मला त्यांचं स्वागत करायचं होतं."

मांडवाच्या चारी कोपऱ्यांतून, कर्ण्यांतून आणि समोरच्या डोंगरावरून माझं पाप मला परत ऐकू आलं. बँडवाल्याने तोंडातलं पिपाणीचं टोक काढलं.

आक्का माइकजवळ वाकली नाही, पण तिला वाकायची गरज कधीच नसते.

"आरं शान्या, ऐन वैशाखात कुठं दरड कोसळती व्हय? तवाच समद्या पासलीला कळलं व्हतं!"

असा हशा मी माझ्या कुठल्याच कार्यक्रमात मिळवलेला नाही. आक्काही हसली, पदर तोंडाला लावून, डोळे पुसत. मग तिने माझ्या हातातून माइक काढून घेतला, तडक निवेदिकाताईंच्या खुर्चीपाशी गेली आणि त्यांच्या मांडीवरचा नारळ उचलून तिथं माइक ठेवला.

"वधूचे मामा," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "वधूला घेऊन मंडपात येत आहेत."

आयुष्यभर मी लोकांना आत बोलावलं, मला कुणी बोलावलं नव्हतं. भाचीचा हात धरून चालताना मी सतरंजीच्या काठाला अडखळलो. तिने कुजबुजून विचारलं, "मामा, पडणार न्हाई ना?" मंगलाष्टका संपेपर्यंत मी तिच्या मागं उभा राहिलो. अक्षता फेट्यात अडकत होत्या.

लोक अजून ही गोष्ट सांगतात, की मामाचा माइक चुकून चालू राहिला. मी त्यांना सांगू दिलं. पण इतकी वर्षं माइक धरलेल्या माणसाला तो चालू आहे की बंद, हे हाताला कळतं. माझ्या हाताला कळलं होतं. बहिणीच्या घरची गोष्ट मी गावासमोर मांडली, कारण एकटीसमोर मांडायची माझी छाती नव्हती. ते बरं केलं नाही.

वरात गेल्यावर मांडवात आम्ही दोघंच उरलो. आक्का पाटावरच्या अक्षता गोळा करत होती. मान वर न करता तिने विचारलं, "माइक चालू हाय, हे ठावं व्हतं ना तुला?"

माझ्या हातात आता माइक नव्हता.

"व्हय," मी म्हणालो.